औंधचे लाख रुपये आणि रेघेखालचे महाभारत

१९१८ च्या जुलै महिन्यात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची सर्वसाधारण सभा भरली होती. संस्था जेमतेम वर्षाची. अध्यक्षस्थानी औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. महाभारताची सचित्र आवृत्ती निघावी म्हणून एक लाख रुपये वार्षिक हप्त्यांनी देण्याचे त्यांनी त्या सभेत कबूल केले. औंध म्हटले की हल्ली पुण्यातले औंध डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगायला हवे की हे खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराखालचे औंध. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी आणि कुंडल त्यातच होते, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी ज्या माळावर जागा मिळाली, ती किर्लोस्करवाडीही औंधच्याच हद्दीतली. दुष्काळी पट्ट्यात विखुरलेल्या अशा संस्थानाने लाखाचा शब्द देणे ही साधी गोष्ट नव्हती.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रामायणावरची चित्रमाला त्यांनी आधीच केली होती. आता महाभारत हवे होते. विचारविनिमय होऊन ठरले ते मात्र वेगळेच: चित्रे असतीलच, पण आधी ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढायची. म्हणजे देशभरातल्या पोथ्या गोळा करून, त्या अक्षरन् अक्षर ताडून, जितका जुना पाठ पुराव्याने सिद्ध करता येईल तितका सिद्ध करून छापायचा. हे काम १९६६ साली संपले. बाळासाहेब १९५१ सालीच गेले होते आणि त्यांचे संस्थान त्याहून आधी विलीन झाले होते.

हिंदू धर्माच्या अभ्यासातले ग्रंथ कसे तयार होतात, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. ग्रंथ पवित्र असतो, तो छापलेला असतो, एवढे आपल्याला पुरते. पण या क्षेत्रातल्या प्रकाशनाचा कणा म्हणजे हे मूळ ग्रंथ छापण्याचे काम. त्याच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा साताऱ्या-सांगलीच्या मुलखाशी जोडलेल्या आहेत. सगळ्यांत विस्ताराने पाहण्याजोगी आहे ती महाभारताची.

आधी अडचण काय होती ते पाहू. गणपतीची एकच आरती चार आळ्यांत म्हटली तर एखाद्या आळीत एक कडवे जास्त असते, एखादीत दोन शब्द उलटेपालटे असतात, आणि प्रत्येक आळीला आपलीच आरती मूळची वाटते. महाभारताचे तेच झाले, फक्त हजारो वर्षे आणि सगळ्या देशभर. काश्मीरच्या शारदा लिपीतले महाभारत आटोपशीर. दक्षिणेतल्या तेलुगू आणि ग्रंथ लिपीतले भरगच्च. आपल्याकडे ज्याला सगळे जण सहज ‘महाभारत’ म्हणत, ते बहुतेक ठिकाणी नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेबरोबर चालत आलेले. नीलकंठांचे घराणे मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीत बसून त्यांनी टीका लिहिली आणि निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या जमवून आपला पाठ ठरवला. त्यांना जे जे चांगले वाटले, ते त्यांनी आत घेतले. भाविक वाचकाला ते सोयीचेच होते. पण कोणता श्लोक कुठून आला, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता.

युरोपातल्या पंडितांनाही ही अडचण जाणवत होती. विंटरनित्स यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत चिकित्सक आवृत्तीची मागणी केली. बर्लिनचे ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्याची काही पाने छापूनही दाखवली. पुढे पहिले महायुद्ध आले आणि ते काम बारगळले. पुण्याची संस्था उभी राहिली ती नेमकी त्याच सुमारास.

काम सुरू झाले १ एप्रिल १९१९ रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते. नारायणाला वंदन करणाऱ्या मंगलश्लोकाच्या पाठतुलनेने शुभारंभ झाला. हा श्लोक लक्षात ठेवा, त्याचे पुढे काम आहे.

खरी गती आली ती १९२५ साली, विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाल्यावर. त्यांचे शिक्षण केंब्रिजला गणिताचे आणि मग बर्लिनला त्याच ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतचे. गणिताचा संस्कार त्यांच्या प्रत्येक वाक्यात दिसतो, असे मला नेहमी वाटते. भावनेला तिथे जागा नाही; आहे तो फक्त पुरावा आणि त्यावरून निघणारे अनुमान.

पहिली पायरी पोथ्या शोधण्याची. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्या निरनिराळ्या संग्रहांत असल्याची नोंद सुखटणकरांनी केली आहे. त्यांत १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ, २८ तेलुगू, २६ मल्याळम, ५ नेपाळी, ३ शारदा आणि मैथिली, कानडी, नंदिनागरी लिपीतली एकेक. पाठ ठरवताना यांतल्या साठच वापरल्या. हे ऐकून पहिल्यांदा आश्चर्य वाटते: बाकीच्या का टाकल्या? कारण पोथी म्हणजे मत नव्हे. एकाच पोथीवरून पन्नास नकला झाल्या असतील तर त्या पन्नास साक्षी होत नाहीत, साक्ष एकच होते. १०७ देवनागरी पोथ्यांपैकी बऱ्याच एकमेकींच्या नकला किंवा सरमिसळ झालेल्या. त्यांच्यापेक्षा तीन शारदा पोथ्यांचे वजन जास्त. बहुमताने पाठ ठरत नाही, हा या विद्येचा पहिला नियम आहे आणि नवख्याला तोच पचायला सर्वांत जड जातो.

मग ताडून पाहण्याचे काम. सगळ्या पोथ्या पुण्यात येणे शक्य नव्हते, म्हणून बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात आणि दक्षिणी पोथ्यांसाठी तंजावरला केंद्रे उघडली. पद्धत दिसायला अगदी साधी होती. मोठ्या कागदावर चौकटी आखायच्या. सगळ्यांत वर प्रचलित छापील पाठाचा श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. पोथीत तेच अक्षर असेल तर चौकट मोकळी सोडायची; वेगळे असेल तर तेवढेच अक्षर त्याच्या चौकटीत लिहायचे. जास्तीचा श्लोक आला तर तो वेगळ्या कागदावर. असा कागद पुरा झाला की वरून खाली नजर फिरवायची. एखाद्या स्तंभात सगळ्या चौकटी मोकळ्या दिसल्या तर ते अक्षर पक्के. भरलेल्या दिसल्या तर तिथे इतिहास दडलेला आहे.

त्या भरलेल्या चौकटींत काय सापडते? बहुतेक वेळा माणसाच्या हाताच्या आणि डोळ्याच्या चुका. देवनागरीत ‘प’ आणि ‘य’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांची गल्लत होते. शारदेत आणि बंगालीत वेगळ्याच जोड्या गोंधळ घालतात. त्यामुळे चुकीवरून ती कोणत्या लिपीत झाली हेही कळते. म्हणजे आज देवनागरीत असलेल्या पोथीत शारदेतच होऊ शकणारी चूक आढळली, तर तिची पूर्वज पोथी काश्मिरी. कधी नक्कल करणाऱ्याचा डोळा एका ‘उवाच’वरून खालच्या ‘उवाच’वर उडी मारतो आणि मधले चार श्लोक गळतात. कधी समासात कुणीतरी लिहिलेली टीप पुढचा लेखक ओळीत घालून टाकतो. आणि कधी एखादा विद्वान वाचक आपल्या पोथीत एखादी आवडती कथा शोधपत्र जोडून, म्हणजे जास्तीचे पान घालून, भर म्हणून ठेवतो; दोन नकलांनंतर ते पान मुळातच असल्यासारखे दिसू लागते. या साऱ्यांत लबाडी फारशी नाही. असते ते बहुधा प्रेमच, पण संपादकाला ते अडचणीचे.

चुका सारख्या असणाऱ्या पोथ्या एका कुळीच्या. अशा रीतीने पोथ्यांची वंशावळ मांडली जाते. महाभारताच्या वंशावळीत दोन मोठ्या शाखा निघाल्या, उत्तरेची आणि दक्षिणेची. उत्तरेत काश्मीर, नेपाळ, मिथिला, बंगाल आणि देवनागरी. दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम. आता निर्णयाचे सूत्र हाताला लागते. काश्मिरी पोथी आणि केरळची मल्याळम पोथी यांचा एकमेकींशी संबंध येण्याची शक्यता सर्वांत कमी. मधल्या सगळ्या प्रांतांत वेगळे काही असले, आणि या दोन टोकांना मात्र एकच पाठ असला, तर तो पाठ दोन शाखा फुटण्याच्या आधीचा मानायचा. आणखी एक सूत्र: दोन पाठांपैकी एक सोपा आणि एक अवघड असेल तर अवघड पाठ बहुधा जुना, कारण नक्कल करणारा माणूस अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड मुद्दाम कशाला करील? व्याकरणाला न जुमानणारी जुनी आर्ष रूपे याच सूत्रामुळे परत आपल्या जागी आली.

या कसोट्या लावल्यावर शुभारंभाच्या त्या मंगलश्लोकाचे काय झाले? दक्षिणी पोथ्यांत तो नाही. म्हणून सिद्ध केलेल्या पाठात त्याला जागा मिळाली नाही. ज्या श्लोकाने भांडारकरांनी कामाला हात घातला, तोच कामाच्या नियमांनी रेघेखाली गेला. सुखटणकरांनी आपल्या प्रस्तावनेत हे नमूद केले आहे. हा प्रसंग मला साऱ्या आवृत्तीतला सर्वांत बोलका वाटतो. भांडारकरांविषयीच्या आदरापोटी तो श्लोक ठेवला असता तर कुणी हरकत घेतली नसती. पण मग पुढच्या प्रत्येक ‘आदरापोटी’ला दार उघडे झाले असते.

आता छापील पान कसे दिसते ते पाहा. वर थोडेसे महाभारत. मग एक आडवी रेघ. रेघेखाली बारीक अक्षरांत पाठभेद, आणि कित्येक पानांवर रेघेखालचा मजकूर वरच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट. प्रत्येक पोथीकुळाला एक रोमन अक्षर दिलेले: काश्मिरीशी नाते असलेल्या देवनागरी पोथ्यांना ‘के’, बंगालीला ‘बी’, तेलुगूला ‘टी’, ग्रंथला ‘जी’, मल्याळमला ‘एम’. वरच्या पाठात काही शब्दांखाली नागमोडी रेघ असते. तिचा अर्थ, ‘हा पाठ घेतला खरा, पण खात्री नाही.’ जे जास्तीचे श्लोक वगळले ते क्रमांक आणि तारका देऊन खाली छापलेले. मोठे उतारे असतील तर ते परिशिष्टात. थोडक्यात, फेकून दिले असे काहीच नाही. महाभारतातून श्लोक ‘काढून टाकले’ असा आरोप अधूनमधून होतो. तो करणाऱ्याने बहुधा रेघेखाली पाहिलेले नसते.

गणपतीने व्यासांचा लेखनिक होऊन महाभारत लिहून घेतल्याची कथा आपल्याला लहानपणापासून पाठ असते. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा प्रसंग ज्या सभापर्वात येतो त्याचे संपादन अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. त्यांच्या पाठात द्रौपदीला वस्त्रामागून वस्त्र मिळत जाते, पण कृष्णाचा धावा आणि कृष्णाने वस्त्रे पुरवणे रेघेखाली. कीर्तनकाराला हा पाठ पुरणार नाही, आणि पुरावा अशी अपेक्षाही नाही. कृष्णाचा धावा आपल्या परंपरेत नेमका कुठल्या प्रदेशात, कुठल्या पोथ्यांतून आला हे कळण्याची सोय मात्र त्याच पानावर खाली आहे. भक्तीचा इतिहास लिहायचा तर वरच्या पाठापेक्षा तो खालचा मजकूरच जास्त कामाचा.

मला विचाराल तर विद्वत्प्रकाशन आणि साधे प्रकाशन यांतला फरक इथे आहे. साधा प्रकाशक म्हणतो, ‘हे घ्या, वाचा.’ विद्वान संपादक म्हणतो, ‘मी हे निवडले, ते टाकले, टाकलेले खाली ठेवले आहे, पटत नसेल तर भांडा.’ तळटीप ही संपादकाशी भांडायची सोय आहे.

आणि लोक भांडलेही. आदिपर्व १९२७ पासून १९३३ पर्यंत भागाभागाने निघाले. अशा हप्त्यांत काढण्याचा फायदा हा की काम चालू असतानाच जगभरचे जाणकार तपासणी करू शकत होते. पॅरिसच्या सिल्व्हाँ लेव्ही यांनी परीक्षणात स्पष्टच म्हटले की मूळ महाभारत शोधण्याचा नाद सोडावा, नीलकंठांचा प्रचलित पाठ छापून त्याखाली पाठभेद द्यावेत. सुखटणकरांनी या आक्षेपाला प्रस्तावनेत उत्तर दिले: आपण व्यासांच्या मुखातले महाभारत शोधत नाही, आज हाती असलेल्या पोथ्यांच्या पुराव्याने जितके मागे जाता येईल तितके जातो, त्यापलीकडे नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली. पाठ ठरवताना ती सुखटणकरांच्या हाताशी नव्हती. ताडून पाहिले तेव्हा त्यांनी केवळ तर्काने घेतलेल्या काही निर्णयांना तिने दुजोरा दिला. गणितात उत्तर पडताळून पाहावे, तसे हे झाले. लेव्हींचा मूळ प्रश्न मात्र त्यामुळे निकालात निघाला असे नाही. परंपरेत जगणारा ग्रंथ आणि संपादकाने सिद्ध केलेला ग्रंथ यांतला कोणता ‘खरा’, यावर अजून वाद चालतो.

सुखटणकर जानेवारी १९४३ मध्ये गेले. आरण्यकपर्व त्यांनी आदल्या वर्षीच पुरे केले होते. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य प्रमुख संपादक झाले. विराटपर्व रघुवीरांनी, उद्योगपर्व सुशील कुमार डे यांनी, आश्वमेधिकपर्व रघुनाथ दामोदर करमरकरांनी सांभाळले. शल्यपर्व संपादणारे रामचंद्र नारायण दांडेकर जन्माने सातारचे. हायडेलबर्गहून डॉक्टरेट घेऊन आले आणि पुढे कित्येक दशके भांडारकर संस्थेचे सचिव म्हणून या साऱ्या गाड्याची व्यवस्था पाहत राहिले. अठरा पर्वे संपल्याची घोषणा २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झाली. सगळ्या पर्वांना मिळून वापरलेल्या पोथ्यांची संख्या १,२५९ अशी सांगतात.

पैशाचे काय? लाख रुपये पुरणारच नव्हते. मुंबई सरकार, बडोदे, म्हैसूर, भावनगर, साताऱ्यातलेच फलटण, हैदराबादचे निजाम सरकार, मुंबई विद्यापीठ अशा अनेकांची वर्षासने लागली. निजामाच्या पैशाने महाभारत छापले गेले याचे आज काही जणांना नवल वाटते. त्या काळी वाटले नसावे. पण मुखपृष्ठानंतरच्या पानावर प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारे म्हणून औंधच्या अधिपतींचे नाव छापले आहे. सहकार्य करणाऱ्या पंडितांच्या यादीतही ते आहे. पैसे देणाऱ्याने चित्रे काढली, पण पाठात ढवळाढवळ केली नाही. देणगीदारांच्या इतिहासात ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही.

त्याच औंधमध्ये, त्याच सुमारास, दुसरे एक प्रकाशन उभे राहत होते आणि त्याची तऱ्हा अगदी निराळी होती. श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही चित्रकारच. सावंतवाडीकडचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. हैदराबाद आणि लाहोर करून ते औंधला आले आणि तिथे त्यांनी स्वाध्याय मंडळ काढले. दुष्काळी गावात छापखाना घालून वेदांच्या संहिता छापायच्या, त्या स्वस्तात द्यायच्या, शिवाय हिंदीत ‘वैदिक धर्म’ आणि मराठीत ‘पुरुषार्थ’ ही मासिके चालवायची, असा तो खटाटोप.

वेदांचे संपादन महाभारतासारखे करता येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी करण्याची गरजही नाही. वेद मुख्यतः पोथीवर अवलंबून राहिले नाहीत. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी शब्द उलटसुलट गुंफून म्हणण्याची जी शिस्त वैदिकांनी पाळली, तिच्यामुळे ऋग्वेदासारख्या संहितेत पाठभेद जवळजवळ शिरलाच नाही. इथे संपादकाचे काम निवड करण्याचे नसून नेमकेपणाने उतरवण्याचे आणि शोधायची सोय करून देण्याचे. सातवळेकरांनी सूच्यांवर भर दिला. दैवत-संहितेत तर त्यांनी मंत्र देवतावार लावले: अग्नीचे एकीकडे, इंद्राचे एकीकडे. मैत्रायणी संहिता १९४२ साली आणि काठक १९४३ साली औंधहून निघाल्या. परदेशी विद्यापीठांतल्या संदर्भसूच्यांत या ग्रंथांपुढे प्रकाशनस्थळ म्हणून ‘औंध’ छापलेले असते, लाइपझिगच्या आवृत्तीच्या शेजारी. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीच्या दिवसांत सातवळेकरांनी औंध सोडले आणि मंडळ गुजरातेत पारडीला नेले. तिथे ते १९६८ पर्यंत, वयाची शंभरी ओलांडून, काम करत राहिले. औंधच्या नकाशावरून मात्र ते नाव पुसले गेले.

तिसरी तऱ्हा वाईची. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञ पाठशाळेत कोशांची कल्पना रुजली. त्यांचा मीमांसाकोश सात खंडांत निघाला. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मकोशाचे संपादन हाती घेतले. त्यातले व्यवहारकांड १९३७ ते १९४१ या काळात तीन भागांत आले. व्यवहार म्हणजे आजच्या भाषेत कायदा: कर्ज, ठेव, सीमावाद, वारसा.

इथे एखाद्या ग्रंथाची पोथ्यांवरून केलेली आवृत्ती नाही. सगळे धर्मशास्त्र सोडवून विषयवार पुन्हा लावलेले आहे. ‘ऋणादान’ हे प्रकरण काढा. आधी वेदांतले उल्लेख, मग गौतम, आपस्तंब यांची सूत्रे, कौटिल्य, मग मनू, याज्ञवल्क्य, नारद, बृहस्पती, कात्यायन, त्यांच्यामागे टीकाकार. प्रत्येक वचनाखाली ते कुठल्या कुठल्या निबंधग्रंथांत, म्हणजे विषयवार वचने गोळा केलेल्या ग्रंथांत, उद्धृत झाले आहे आणि तिथे कोणता पाठ आहे त्याची टीप. ही टीपच सोन्याची खाण आहे, कारण बृहस्पती आणि कात्यायन यांच्या व्यवहारविषयक स्मृती अखंड मिळतच नाहीत. मिताक्षरा, स्मृतिचंद्रिका, व्यवहारमयूख अशा ग्रंथांनी घेतलेल्या उताऱ्यांत त्या विखरून उरल्या आहेत. पांडुरंग वामन काण्यांनी अशा विखुरलेल्या श्लोकांतूनच कात्यायनाची व्यवहारस्मृती जुळवून १९३३ साली प्रसिद्ध केली.

उद्धृत पाठ तपासण्याचे मोल किती, यासाठी एकच उदाहरण पुरे. अंत्येष्टीच्या ऋग्वेदसूक्तातल्या एका मंत्रात ‘अग्रे’ असा शब्द आहे, अर्थ ‘आधी’. बंगालच्या रघुनंदनाच्या निबंधातून आलेल्या पाठात त्याचे ‘अग्नेः’ झाले, म्हणजे ‘अग्नीच्या’. त्या एका जोडाक्षराच्या आधारावर सती जाण्याला वेदाचा आधार आहे असे सांगितले गेले. एकोणिसाव्या शतकात विल्सन आणि माक्स म्यूलर यांनी हा फरक दाखवून दिला, आणि त्यांना ते दाखवता आले ते वैदिकांच्या मुखी ‘अग्रे’ जसाच्या तसा टिकला होता म्हणून.

वाईचे काम एका पिढीत आटपणारे नव्हतेच. संस्कारकांड, राजनीतिकांड असे भाग पुढच्या दशकांत येत राहिले. मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईला आले ते याच कोशपरंपरेमुळे, असे म्हणायला हरकत नाही.

आजची स्थिती? ती लवकर सांगून होण्यासारखी आहे. हिंदू धर्माच्या अभ्यासावर लेख लिहिणारा प्राध्यापक तो एखाद्या नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक लेखकाचे नाव झाकून दोन जाणकारांकडे धाडतो. ते शेरे मारतात. लेख परत येतो, दुरुस्त होतो, कधी नाकारला जातो. वर्ष-दीड वर्ष सहज जाते. पण २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी लेखांना गुण दिले, बढती गुणांवर बेतली, आणि त्या गुणांसाठी दुकाने उघडली: पैसे भरा, आठवड्यात लेख छापून घ्या. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक ठळक. हा क्रमांक म्हणजे केवळ ओळख पटवण्याचा आकडा. तो अर्ज केल्यावर फुकट मिळतो आणि त्याचा दर्जाशी काहीही संबंध नाही. आयोगाने २०१९ साली मान्य नियतकालिकांची यादी आणली, ती २०२५ साली मागेही घेतली. एखादे नियतकालिक खरे की खोटे हे ओळखण्याची माझी कसोटी सोपी आहे. त्यातल्या लेखांच्या तळटीपा वाचाव्यात. ज्या टीपेवरून मूळ ग्रंथाच्या पानापर्यंत पोचता येते ती टीप, बाकी सजावट.

महाभारताचा सिद्ध पाठ आता संगणकावर फुकट मिळतो. क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी तो भरला, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तपासून सुधारला. बिबेक देबरॉय यांचे दहा खंडांतले इंग्रजी भाषांतर याच पाठावरून झाले. संगणकावर उतरलेला हा पाठ सुरुवातीला रेघेवरचाच होता. तारांकित श्लोक आणि परिशिष्टे स्मिथ यांनी नंतर जोडली. कोणत्या पोथीत कोणते अक्षर आहे हे पाहायचे असेल तर अजूनही छापील खंड किंवा त्याच्या पानांची छायाचित्रेच उघडावी लागतात, आणि सुरुवात करायची तर आदिपर्वाच्या पहिल्याच पानापासून करावी. मंगलश्लोक तिथेच रेघेखाली आहे, कोणकोणत्या पोथ्यांत सापडतो त्या सगळ्या खुणांसकट.